हिऱ्यामागचं पीठ

अवधूत सराफांनी भिंग डोळ्याला लावलं, अंगठी उलटी करून पाहिली आणि नाक मुरडलं.

“काय हो, हिरा बोटात घातला होता की शेतात पेरला होता?”

कसब्यातल्या त्या चिंचोळ्या दुकानात बसलेली एक बाई हसली. ज्ञानदेव हसला नाही. मांजरी गावाहून तो लेकीसोबत इथवर आला होता तो तिच्याच हट्टापायी. बायकोचं, वेणूबाईचं, वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं आणि श्रद्धा म्हणत होती, आईची अंगठी कपाटात पडून काय उपयोग, हिरा काढून माझ्या मापाची नवी करून घेऊ. त्याने बजावलं होतं, किंमत तेवढी काढायची. मोडायचं मी सांगेन तेव्हा.

“पावती?”

“न्हाई. जमीन इकली तवा घेतली. चोरीची न्हाई.”

“मी कुठे म्हटलं? आपणच म्हणताय.” सराफांनी अंगठी दिव्याखाली धरली. “असा वापरतात का हिरा? सणाला घालायचा, परत डबीत ठेवायचा.”

“ती रोज घालायची. भाकरी थापतानाबी.”

“दिसतंय ते.”

असं म्हणून त्यांनी अंगठी मागच्या यंत्राच्या भांड्यात टाकली आणि बटण दाबलं. यंत्र घरघरू लागलं.

“काय करताय?”

“धुतोय. एवढ्या घाणीत किंमत कशी कळणार?”

ज्ञानदेव असा उठला की स्टूल कलंडलं.

“घाण? घाण कशाला म्हणता? बाजरीचं पीठ हाय ते. तिच्या हातचं! इचारायचं तरी एकदा!”

“आबा, बसा ना. लोक बघतायत.”

“बघू दे. तिची लुगडी धुऊन वाटून टाकलीस, मी बोललो का? तिचं अंथरूण दिलंस, बोललो का? एवढंच राह्यलं होतं, तेबी ह्यांनी धुतलं.”

श्रद्धाने खाली मान घातली. ती बाई आता हसत नव्हती.

यंत्र थांबलं. सराफांनी अंगठी फडक्याने टिपून मखमलीवर ठेवली. हिरा लखलखला. त्यांनी किंमत सांगितली, पण हलक्या आवाजात, आणि ती कुणी ऐकली नाही. ज्ञानदेवने अंगठी उलटी केली. हिऱ्यामागची पोकळी अंगठ्याच्या नखाने चाचपली. मग अंगठी लेकीपुढे सरकवली.

“घे. मोड, नवी कर, तुला काय करायचं ते कर.”

“नको आबा. आहे तशीच राहू दे.”

“कशाला? आता कुणाचीबी हाय ती.”

तो पायरी उतरून गल्लीत जाऊन उभा राहिला. श्रद्धाने अंगठीला हात लावला नाही.

सराफांनी यंत्रातलं भांडं उचललं. पाणी किंचित गढूळ झालं होतं. ते सवयीने मोरीकडे वळले, भांडं कलतं केलं, आणि मग तसेच थांबले.

“बाई,” वळून न बघता ते श्रद्धाला म्हणाले, “तुमच्याकडे बाटली आहे का एखादी?”