ग्लुकोजविना

काचेच्या थाळीतल्या जिवाणूंच्या वसाहती टाचणीच्या डोक्याएवढ्या होत्या आणि झाडून सगळ्या निळ्या. कडेच्या जरा फिक्या, एवढंच. तिने थाळी पांढऱ्या कागदावर ठेवून पुन्हा पाहिली. निळं म्हणजे जनुक चालू. इथे ते बंद असायला हवं होतं. सरांच्या गाजलेल्या शोधनिबंधाप्रमाणे त्यांनी शोधलेलं प्रथिन जनुकाच्या तोंडाशी ठाण मांडतं आणि त्याचं वाचन अडवतं. त्या निबंधावर पहिलं नाव तिचं होतं.

थाळी धाकटीची. प्रयोगशाळेत सगळ्यांत नवी, म्हणून धाकटी. प्रयोग पुन्हा पुन्हा करूनही तिला हेच मिळत होतं. तुझ्या हातात कसबच नाही, दुसरीकडे जागा शोध, असं सरांनी सकाळी सर्वांदेखत सुनावलं होतं. आता ती आतल्या खोलीत बाटल्या धूत होती. बाटल्या मघाशीच धुऊन झाल्या होत्या.

सर आत आले.

"अजून तेच घेऊन बसलीस?"

"धाकटीने जिवाणूंच्या खाद्यात ग्लुकोज घातलेलं नाही, सर. आपण घातलं होतं."

जिवाणू भराभर वाढावेत म्हणून ते घालायचा हट्ट सरांचाच. पण ग्लुकोज पुढ्यात असलं की जिवाणू दुसऱ्या साखरेकडे ढुंकून पाहत नाहीत. ती साखर पचवायला लागणारं हे जनुक निपचित पडून राहतं, प्रथिन असो वा नसो. निबंध छापून आल्यावर तिच्या हे ध्यानात आलं आणि तिने दोनदा सांगितलं. एकदा सर हसले. एकदा म्हणाले, परिषद होऊन जाऊ दे. परिषद झाली, सत्कार झाला, ती मूग गिळून बसली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," सर म्हणाले. "तिची वकिली करू नकोस."

"अंगण आपलंच वाकडं होतं."

सरांनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आणून त्यांनी तिला समजावलं: पहिलं नाव तुझं आहे, बुडालीच नाव तर आधी तू. एका पोरीसाठी एवढं?

तिचे कान तापले. तिने हातमोजे ओढून काढले, मेजावर आपटले आणि आतल्या खोलीचं दार सताड उघडलं.

"धाकटे, नळ बंद कर. इकडे ये."

धाकटी ओल्या हातांनी उंबऱ्यात उभी राहिली. सरांकडे बघेना.

"तुझा प्रयोग बरोबर आहे," ती म्हणाली. "आमचा चुकला. निबंध मी मागे घेतेय."