न मारलेला ठोका

मी एक जुनी हातोडी आहे. हातोडी म्हटलं की तुम्हाला खिळे आठवतील, पण मी जन्मात एकही खिळा ठोकलेला नाही. माझं पितळी डोकं लिंबाएवढं आणि दांडा वीतभर. कारखान्यातले मोठे हातोडे मला 'खेळणं' म्हणून चिडवायचे. मी त्यांच्या तोंडी लागत नसे. त्यांचं काम ठोकायचं, माझं काम विचारायचं.

काय विचारायचं, ते सांगते, मित्रांनो. आमच्या कारखान्यात शर्यतीच्या शिडाच्या नौका बनतात आणि मोडल्या की दुरुस्तीलाही येतात. त्यांचं अंग लाकडाचं नसतं. काळ्या कार्बनच्या कापडाचे थर राळेत भिजवून एकावर एक बसवतात, मध्ये हलक्या फोमचा गाभा घालतात आणि सगळं भट्टीत भाजून काढतात. असं अंग लाटेवर आपटलं तरी हूं की चूं करत नाही. पण आतले दोन थर एकमेकांपासून सुटले, तर बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. रंग तसाच चकचकीत राहतो. अशा वेळी कुणीतरी दार ठोठावून विचारावं लागतं, की आत सगळं ठीक आहे ना. पक्क्या जागेवर मी मारली की आवाज खणखणीत येतो. सुटलेल्या जागेवर येतो बसका, 'ठप' असा.

मला कारखाना चालवणाऱ्या मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने घडवलं, एका बुडालेल्या नौकेच्या पितळी कप्पीतून. त्या नौकेवर कोण होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पितळ वितळताना मला काही आवाज ऐकू आले होते, पण तेव्हा मी इतकी लहान होते की ते कसले, हे मला कळलं नाही.

मिस्त्रींची पद्धत ठरलेली होती. नौका वाजवायची वेळ झाली की सगळी यंत्रं बंद. कुणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. मग ते डोळे मिटायचे आणि चार-चार बोटांवर मला हलकेच मारत टोकापासून टोकापर्यंत जायचे. 'ठप' आलं की खडूने गोल काढायचे. समोर स्टुलावर म्हातारा रंगारी बसलेला असायचा, कारण गोलांचा हिशोब लागल्याशिवाय त्याला रंग लावता येत नसे. लांबलांबून नौकांचे कप्तान यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, मिस्त्रींनी वाजवली आहे ना? तेव्हा माझी छाती फुगायची.

पण तीस वर्षं घासायच्या यंत्रांच्या कर्कश आवाजात काढलेले कान किती दिवस साथ देणार? बारीक आवाज आधी गेले. माझा 'ठप' आणि माझी खणखण त्यांना सारखीच वाटू लागली. ज्या माणसाचं नाव कानांवर चालतं, त्याने हे कुणाला सांगावं? मिस्त्रींनी कुणालाच सांगितलं नाही. ते एक डोळा किलकिला करून रंगाऱ्याकडे बघू लागले. 'ठप' झालं की रंगाऱ्याच्या भुवया आपोआप वर जायच्या आणि मिस्त्री तिथे गोल काढायचे. दोन वर्षं मिस्त्रींचे कान म्हणजे रंगाऱ्याच्या भुवया होत्या, आणि त्या बापड्याला याचा पत्ताच नव्हता. मला सगळं कळत होतं. पण हातोडीचं कोण ऐकतं?

मिस्त्रींची थोरली मुलगी शर्यतीत नौका हाकायची. एकदा तिची नौका समुद्रात तरंगत्या ओंडक्यावर आदळून आमच्याकडे आली. दुरुस्ती झाली. रविवारी शर्यत होती आणि गुरुवारी नौका वाजवायची होती. नेमकी त्याच दिवशी रंगाऱ्याची दाढ काढली, म्हणून तो आला नाही. मिस्त्रींनी एकट्यानेच वाजवली. नौकेच्या पोटाखाली एक लांब पातं असतं. त्याच्या टोकाला शिशाचा जड गोळा असतो आणि त्याच्याच जोरावर आडवी झालेली नौका पुन्हा उभी राहते. ते पातं जिथे अंगाला जोडलेलं असतं, तिथे मी तीनदा 'ठप' म्हणाले. मिस्त्रींनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'पक्कं'.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी नौकेखाली लाकडी घोडीवर पडून होते. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात त्याच जागेवरून, आतून, आवाज आला. ठप. ठप. ठप. माझे ठोके जेवढ्या अंतराने पडले होते, तेवढ्याच अंतराने. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या त्या अंगात मुंगी शिरायलाही वाट नव्हती. मी फार घाबरले, मित्रांनो.

जेवणानंतर थोरली आली. लहानपणापासून तिला मला हातात घ्यायची सवय होती. बाबांशी बोलता बोलता तिने दोन-चार ठिकाणी मला वाजवलं आणि पात्याच्या जोडापाशी थबकली. पुन्हा मारलं. मग तिने बाबांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"बाबा, जरा डोळे मिटा. इथला आवाज कसा वाटतो ते सांगा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. थोरलीने मला उगारलं, अंगापासून बोटभर अंतरावर आणलं आणि तिथेच थांबवलं. मी नौकेला शिवलेसुद्धा नाही.

आतून आवाज आला, ठप.

तिची मूठ माझ्या दांड्यावर आवळली.

"खणखणीत," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. आधी त्यांना लेकीचा पांढराफटक चेहरा दिसला आणि मग हवेत थांबलेली मी.

"मी मारलाच नव्हता, बाबा."

मिस्त्री स्टुलावर बसले. म्हणाले, "दोन वर्षं झाली. वाटलं होतं, निभावून नेईन. तुझ्या नौकेच्या वेळी तरी तोंड उघडायला हवं होतं मी."

शर्यत हुकली. ती जागा कापून उघडली, तेव्हा ताटाएवढ्या भागात थर सुटलेले होते. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात पातं निखळलं असतं आणि नौका थोरलीसकट पालथी झाली असती. आत ओल होती, दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने सुजलेल्या गालाने समजावलं, की शेडच्या छताचा पत्रा तापला की असले आवाज होतात. सगळ्यांना ते पटलं. मला पटलं नाही.

मिस्त्री घरी बसले. आता कारखाना थोरली चालवते. तिने पडद्यावर आतले थर दाखवणारं यंत्र आणलं. ठीक असेल तिथे हिरवं, बिघाड असेल तिथे लाल. आणि मला? मला तिने मखमलीवर ठेवून काचेच्या चौकटीत भिंतीवर लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती अभिमानाने सांगते, "हिने माझा जीव वाचवला." लोक माना डोलावतात, फोटो काढतात. बारा वर्षांत मला एकाही हाताचा घाम लागलेला नाही.

माझ्यासमोर सध्या एक नवी कोरी नौका उभी आहे. यंत्राने तिला नखशिखान्त हिरवा रंग दिला आहे. परवा सकाळी थोरली ती स्वतः पाण्यात नेणार आहे. आणि काल दुपारी शेड रिकामी झाल्यावर पात्याच्या जोडापाशी आवाज सुरू झाला. ठप. ठप. ठप. मी काचेवर थडथडले. माझी थडथड ऐकून थोरली आली, पण तिला वाटलं, रस्त्यावरच्या ट्रकमुळे चौकट हलते आहे. तिने स्क्रू आवळून घेतले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपणं म्हणजे तिला पुसून मखमलीवर ठेवणं नव्हे. तिला हातात घ्या, तिला तिचं काम करू द्या. मला मान नको, हात हवा. परवाच्या आत तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर माझी गोष्ट ऐकून माना डोलावू नका. काच फोडा. थोरली रागावली, तर तिला सांगा, की हातोडीला या नौकेला काही विचारायचं आहे आणि उत्तर आधीच आलेलं आहे.