बारा खडे

खिडकीत अकरा कुंड्या होत्या. फ्रीजरमध्ये चौदा-चौदा खणांचे दोन पांढरे ट्रे, म्हणजे बर्फाचे अठ्ठावीस खडे. सोमवारी दुपारी मावशीने प्रत्येक कुंडीत एकेक खडा ठेवला. उरायला हवे होते सतरा. गुरुवारी दुपारी भाचीने मोजले तेव्हा पाचच होते.

मोजायचं तसं काही कारण नव्हतं. पण रसायनशास्त्राची पदवी घेतल्यापासून तिला दिसेल ते मोजायची खोडच जडली होती. त्यात मावशीची ही तऱ्हा तिला फार आवडलेली. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून मावशी झारी उचलत नसे. कुंडीत खडा ठेवला की तो सावकाश वितळे, माती तेवढंच पाणी पिई, खाली थेंब सांडत नसे.

“मावशी, बारा खडे कुठे गेले गं?”

“वितळले असतील.”

“फ्रीजरमध्ये?”

“मग शोध तूच. एवढी शिकलीस, बर्फाचा चोर तरी पकड!” मावशी खुदकन हसली. “आणि तोंडात टाकू नकोस हं एखादा. पानांवर मावा पडलाय, म्हणून त्या पाण्यात किडीचं औषध घातलंय. एका दगडात दोन पक्षी.”

भाचीने सिंकखालची बाटली काढून लेबल वाचलं. विषबाधेची लक्षणं बारीक अक्षरांत होती: घाम, लाळ, डोळ्यांच्या आकसलेल्या बाहुल्या.

बाटली हातात घेऊनच ती काकांच्या, मावशीच्या यजमानांच्या, खोलीत गेली. दोन महिन्यांपूर्वीच्या पक्षाघाताच्या झटक्याने काकांची वाचा गेली होती. परवापासून त्यांना लाळ आणि घाम सुटला होता. झटक्यानंतर असं होतं, असं डॉक्टर फोनवर म्हणाले होते. सांभाळायला येणाऱ्या ताई त्यांची हनुवटी पुसत होत्या. उशाशी ग्लास होता, त्यात अर्धा वितळलेला खडा.

“ताई, हा बर्फ रोज देता?”

“सोमवार दुपारपासून. उकडतंय ना! दिवसाला चार ग्लास, ग्लासात एक खडा. पण मंगळवारपासून ग्लास ढकलतात हो. हट्टी झालेत. मी पाजतेच, सोडते होय!”

चार त्रिक बारा.

“कुठल्या ट्रेमधला?”

“पांढऱ्या. निळा झाडांचा, ठाऊक आहे की मला! मी काय आज आले या घरात?”

मावशी दारात येऊन उभी होती. चौकट धरून.

“निळा तडकला गं. रविवारी टाकून दिला. मग दोन्ही पांढऱ्यांत झाडांचंच लावलं... आपण कुठे बर्फ घेतो? सांगायचं राहूनच गेलं.”

काकांचा उजवा हात ग्लासाकडे सरकला आणि त्याने ग्लास टेबलाच्या काठापर्यंत लोटला.

भाचीने ग्लास उचलला. पडदे ओढलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत बाहुल्या मोठ्या असायला हव्या होत्या. तिने मोबाइलच्या क्षीण उजेडात त्यांच्या डोळ्याखाली मोजपट्टी धरली. बाहुली जेमतेम एक मिलिमीटर.

“मावशी, रुग्णवाहिका बोलाव. ताई, यांना कुशीवर वळवा. घोटभरही काही द्यायचं नाही.”

रुग्णालयात डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. या किडीच्या औषधाने रक्तातलं एक एन्झाइम निकामी होतं, ते म्हणाले. त्याचं प्रमाण जितकं खाली जाईल तितकी श्वास बंद पडण्याची भीती. दर बारा तासांनी मोजावं लागेल.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता: नेहमीच्या बावीस टक्के. शुक्रवारी सकाळी सहा वाजता: एकोणीस.