माझा आखूड पाय आणि एक सरळ मूळ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. सुताराने मला प्रयोगशाळेसाठी घडवलं तेव्हा माझा थाट काय सांगू! माझ्या खाचांत पारदर्शक, चपट्या डब्या उभ्या राहत आणि त्यांतल्या जेलीवर इवली रोपं वाढत. त्यांची मुळं खाली जाताना पाहण्यात माझं आयुष्य गेलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, मुळाच्या टोकात पिष्टाचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की ते खालच्या बाजूला बसतात. मग ऑक्सिन नावाचं संप्रेरक त्या बाजूला जमतं आणि तिथली वाढ मंदावते. वरची बाजू वाढतच राहते, म्हणून मूळ खाली वळतं. पेशींमधून ऑक्सिनला वाट देणारी दारं मात्र जनुकांच्या हुकमाने बनतात. दार बिघडलं, तर मुळाला खाली वळता येत नाही.

असं दार बिघडलेलं एखादं रोप आमची संशोधक ताई कधीपासून शोधत होती. ते सापडलं, तर दार कुठलं जनुक बनवतं हे कळणार होतं. "या महिन्यात काही हाती लागलं नाही, तर हे काम बंद," असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. बिचारीची झोप उडाली होती.

माझीही दशा बरी नव्हती. ओल लागून माझा एक पाय झिजला होता. पण माझ्याकडे कोण ढुंकून पाहतंय!

एके सकाळी ताई डब्या हातात घेऊन ओरडली, "बाई, सापडलं! सगळी मुळं तिरकी!"

"सगळी? अगं, सगळ्यांची जनुकं एकदम कशी बिघडतील?" बाईंनी माझ्यावर पेन्सिल ठेवली. ती घरंगळत खाली पडली.

ताई मटकन बसली. "म्हणजे मुळं बरोबर खालीच गेली. स्टँडच कलला होता." तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डब्या आवरता आवरता ती एकदम थबकली. "बाई, यातलं एक मूळ सरळ आहे."

"असू दे की, एक तरी सरळ."

"नाही हो! डबी कललेली असताना हे डबीच्या कडेला धरून सरळ गेलंय. खाली कुठे, ते याला कळलंच नाही!"

तिने ती डबी एका कुशीवर वळवून उभी ठेवली, म्हणजे सगळी मुळं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी बाकीची मुळं खाली वळली होती, ते एकटं आपलं नाकासमोर चाललं होतं. बाई हसून म्हणाल्या, "चालू ठेव गं काम."

त्या वाट चुकलेल्या रोपाला ताईने वेगळी कुंडी दिली. ती रोज त्याची विचारपूस करते. माझ्या पायाखाली मात्र पुठ्ठ्याची घडी सरकवली, झालं! मित्रांनो, कोणी तिरकं वाढताना दिसलं, तर त्याला बोल लावण्याआधी ते कशावर उभं आहे तेवढं बघा. आणि सुतारकाका कुठे भेटले तर माझा निरोप द्या. पुठ्ठा भिजायला लागलाय.