लुळ्या मानेची बाहुली

मी सरावाची बाहुली. कोणा मुलीच्या भातुकलीत मी कधी बसले नाही, की माझे लग्नही कोणी लावले नाही. नाशिकला त्र्यंबक रस्त्यालगत परिचारिकांचे एक प्रशिक्षण केंद्र आहे. जन्मलेले मूल रडले नाही तर त्याला श्वास कसा द्यावा, हे तिथे माझ्यावर शिकवीत. आता मी कपाटात असते. सांगण्याजोगे जे घडले, ते क्रमाने सांगते.

१९९२ साली मी लाकडी खोक्यातून आले, तेव्हा गुलाबी, गुळगुळीत आणि ताठ होते. तोंडातून फुंकर घातली की माझी छाती वर येई. एवढाच माझा गुण. विद्यार्थिनी, आणि अधूनमधून वर्गाला येणाऱ्या सुइणी, मला एका पायाला धरून उचलीत, पाठ केलेल्या पायऱ्या भराभर म्हणत आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन डबा खायला जात. आमच्या शिक्षिका ज्योत्स्नाबाई अतिशय काटेकोर. पदराची निरी वाकडी दिसली तरी त्या मुलीला परत पाठवीत. पण माझ्या बाबतीत त्यांनाही काही खटकले नव्हते.

१९९६च्या मार्गशीर्षात, भाताची झोडणी आटोपल्यावर, पेठ तालुक्यातल्या दहा सुइणी पाच दिवसांच्या वर्गाला आल्या. बाईंनी प्रत्येकीला विचारले, “तुम्ही कशासाठी आलात?”

“बाळंतपणाच्या सामानाची पेटी देणार हायेत म्हणून,” साळूबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

सर्वांत वडील नवसाबाई हसली नाही. “माझी सून ललिता सात महिन्यांची हाय,” ती म्हणाली. “पहिलं पोरगं आलं ते रडलंच नाय. माझ्याच हातात होतं. ह्या वेळी रडलं पायजे.”

बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि शिकवायला आरंभ केला: अंग कोरडे करा, तोंड पुसा, पाठ चोळा, तरी रडले नाही तर श्वास द्या, आणि हे सारे पहिल्या मिनिटात. दुसऱ्या दिवशी नवसाबाईने एकही पायरी न चुकता सगळे करून दाखवले. बाईंनी वहीत ‘उत्तम’ असे लिहिले. नवसाबाईने मात्र मला तळहातावर तोलून पाहिले.

“बाई, हे तर कोंबडीएवढंय. आन् ह्याची मान धरावी नाय लागत. मान धरावी नाय लागत ते कसलं बाळ?”

“अहो, ते शिकण्यापुरतं आहे.”

“मग शिकण्यापुरतंच शिकू आमी. घरी गेल्यावर काय?”

दुसरी कोणी असती तर रागावली असती. ज्योत्स्नाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि त्या म्हणाल्या, “मग कसं असतं, ते तुम्हीच सांगा.”

त्या दुपारी माझा दुसरा जन्म झाला. कोपऱ्यावरच्या मोतीराम चांभाराने माझी मान कापली आणि तिच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवला. आतली हवेची नळी तेवढी शाबूत ठेवली. “लोक माझ्याकडे ढिलं झालेलं घट्ट करायला आणतात,” तो म्हणाला. “तुम्ही पहिल्याच, घट्ट होतं ते ढिलं करून नेणाऱ्या.” माझ्या पोटात आणि पाठीत धुतलेल्या वाळूच्या पिशव्या शिवल्या, तेव्हा मी अडीच किलोंची झाले. साळूबाईने भेंड्या चिरून पाण्यात कुस्करल्या; त्या बुळबुळीत पाण्यात गेरू कालवून ते माझ्या अंगाला माखले, वरून तांदळाच्या पिठाची खळ. बेंबीला वळलेल्या कापडाची नाळ आणि नाळेच्या टोकाला, वार म्हणून, भिजवलेला स्पंज. मला हाती घेताना ज्योत्स्नाबाईंनीसुद्धा पटकन दुसरा हात खाली लावला. मी निसटत होते.

तिसऱ्या दिवशी टेबल बाहेर गेले. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या आणि सुइणींच्या सांगण्यावरून कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी ठेवली. घरात असते, तर इथेही हवी. साळूबाई बाळंतीण झाली. मला लुगड्याआड धरून ती अशी काही कण्हू लागली की बाहेरून चपराशी सहादू धावत आला.

“बाई, कोणाला काय झालं?”

“मलाच होतंय रे मुडद्या, हो भाईर!” साळूबाई ओरडली आणि पुन्हा कण्हू लागली.

मग मी बाहेर आले. ओली, जड, निपचित. नवसाबाईने माझी मान अशी अलगद झेलली, की चार वर्षांत मला प्रथमच कोणी बाळासारखे धरले. तिने मला घोंगडीवर ठेवले. आणि ती बसून राहिली.

ज्योत्स्नाबाईंचे डोळे घड्याळावर होते. एक मिनिट गेले. दोन गेली. नवसाबाईचा हात साळूबाईच्या पोटावर होता आणि ती म्हणत होती, “येईल आता. वार आली की होईल.” तिसऱ्या मिनिटाला साळूबाईने स्पंज सोडला. नवसाबाईने तो खापरावर घेतला आणि शेगडीवर धरला. मला कोणी पुसले नाही, माझ्यात कोणी फुंकर घातली नाही. मला मात्र मिनिटांची गरज नव्हती.

इतर आठजणी मान डोलवीत होत्या. त्यांच्याकडे असेच करतात. बाळाचा जीव वारेत अडकलेला असतो; वारेला ऊब दिली की तो नाळेतून बाळात उतरतो, असे त्यांच्या आयांनी त्यांना शिकवले होते.

“नवसाबाई,” ज्योत्स्नाबाई हळूच म्हणाल्या, “काल तर तुम्ही सगळं बरोबर केलंत.”

नवसाबाईने वर पाहिले. “काल ती बाहुली होती, बाई. आज बाळ हाय.”

बाईंनी वही उघडली. चार वर्षांत ‘उत्तम’ शेरा घेऊन गेलेल्या सुइणींची नावे त्या कितीतरी वेळ वाचत राहिल्या.

चौथ्या दिवशी त्या रागावल्या नाहीत आणि त्यांनी शेगडीही काढली नाही. “वार शेकायची तर शेका,” त्या म्हणाल्या. “पण ते काम दुसऱ्या बाईला सांगा. तुमचे दोन्ही हात बाळापाशी. वार आत असली तरी थांबायचं नाही.”

नवसाबाई पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. तिचे हात आपोआप वारेकडे वळत आणि ती स्वतःच्याच मनगटावर चापट मारी. पाचव्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या ओठांचा रंग उडाला होता. पण मी घोंगडीवर टेकताच तिचा पंचा माझ्या पाठीवर फिरू लागे. मग ती एस.टी.ने गावी गेली. ज्योत्स्नाबाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने उलटीत.

माघात एका सकाळी नवसाबाई एकटीच दारात उभी राहिली. बाईंना विचारण्याचे धैर्य होईना.

“रडली,” नवसाबाई म्हणाली. “पोरगी हाय. निळी आली होती. पुसली, फुंकर घातली. पाचव्या फुंकरीला रडली.”

बाईंनी तिचे हात धरले. “मग बसा ना, चहा घ्या. आज तर आनंदाचा दिवस.”

नवसाबाई बसली, पण चहाला तिने हात लावला नाही. तिने मला मांडीवर घेतले. मी कोरडी होते, तरी तिने माझी मान धरली.

“बाई, ती रडली तवा वार आतच होती. लय वेळानं आली.” ती माझ्याकडे पाहत म्हणाली, “मग पहिल्या पोराच्या टायमाला मी कशाची वाट बघत बसले होते?”

प्रत्येक प्रश्नाला पुस्तकाचे पान सांगणाऱ्या ज्योत्स्नाबाई उठल्या. त्या खाली, नवसाबाईशेजारी सतरंजीवर बसल्या. दोघींचा चहा निवून गेला.

पुढच्या वर्षापासून नवसाबाई दर मार्गशीर्षात येऊ लागली, शिकवायला. नवी सुईण चुकू लागली की ज्योत्स्नाबाई अस्वस्थ होत. नवसाबाई त्यांना डोळ्यांनी थोपवी. तीन मिनिटे पुरी होऊ देई. मग आपल्या न रडलेल्या नातवाची गोष्ट सांगे. शेवटचे ती २००३ साली आली.

२००७ साली केंद्रात नवी बाहुली आली. ती विजेवर चालते, निळी पडते, रडतेसुद्धा. माझी ट्यूब चिरली आहे आणि वाळू एका बाजूने गळते. माझी तक्रार नाही. ती माझ्याहून हुशार आहे. मात्र खराब होईल म्हणून तिला कोरडी ठेवतात, आणि मुली पायऱ्या म्हणून दाखवून डबा खायला जातात.

म्हणून ज्योत्स्नाबाईंच्या जागी आलेल्या नव्या शिक्षिकेला माझी एक विनंती आहे. वर्षातून एक दिवस तरी मला बाहेर काढा, भेंडीचे पाणी करा, खिडक्या झाका आणि मुलींना माझ्यापाशी चुकू द्या. लगेच टोकू नका. मी रडले नाही तर कोणाच्याही घरी अंधार होत नाही.