उजवा पाय

मास्तरांनी वायरलेसचं बटण दाबलं आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"वर घे. पुन्हा फेरी मार."

धावपट्टीला टेकायला आलेलं दोन आसनांचं विमान नाक उचलून, कुरकुरत, परत वर गेलं.

"आता काय बिघडलं?" क्लबच्या गच्चीवर शेजारीच खुर्ची टाकून बसलेल्या ताईंनी विचारलं. "चांगली येत होती की पोर."

"वारा आडवा आहे, ताई."

"वारा आडवा आहे का तू?"

मास्तर धाकटे भाऊ असल्यामुळे या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नव्हती. विमानात ताईंची मुलगी होती, आज पहिल्यांदाच एकटी. ती निघाली तेव्हा वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला मरगळून लोंबत होती. भाची वर गेली आणि वाऱ्याला जाग आली. आता पिशवी धावपट्टीला काटकोनात ताठ उभी होती, कुणाला बाहेर काढताना साहेबाने रोखलेल्या बोटासारखी.

मास्तरांचा लौकिक मोठा. त्यांच्या हाताखाली आजवर एकही विद्यार्थी आपटला नव्हता. खरं तर हाताचा यात काही संबंध नव्हता. शिकवणाऱ्याच्या आसनापुढेही पेडलं असतात. आडव्या वाऱ्यात विमान तिरकं येतं; टेकता टेकता पेडल दाबून ते सरळ करावं लागतं. शिकणाऱ्याने दाबायच्या आत मास्तर हळूच दाबून मोकळे होत. चेहरा खिडकीबाहेर, जणू शेतांची पाहणी चालली आहे. इतरांच्या बाबतीत शेवटी शेवटी ते पाय आवरून घेत, चार धक्के खाऊ देत आणि मगच एकटं सोडत. भाचीच्या बाबतीत रोज ठरायचं, उद्यापासून. पुढे ती किती अलगद उतरवते याचं क्लबभर कौतुक सुरू झालं, त्यात मास्तरही सामील झाले, आणि उद्या राहूनच गेला.

जिना चढून मेकॅनिक वर आला. त्याला सगळे वंगण म्हणत. ते त्याच्या नखांतून कधी गेलंच नव्हतं.

"मास्तर, उतरू द्या आता तिला. टाकीत फार नाहीये. संपलं की ती तुम्हाला न विचारताच खाली येईल."

ताईंनी खुर्ची सोडली. "म्हणजे काय रे?"

"काही नाही, ताई." मास्तरांनी बटण दाबलं. "हे बघ, नीट ऐक. तुला एक सांगायचं राहिलंय. टेकताना उजवा पाय..."

"मामा," खरखरीतून आवाज आला, "मी उतरतेय. आता बोलू नका."

विमान वळलं. खेकड्यासारखं तिरकं, डावा पंख वाऱ्याकडे झुकवून ते खाली खाली येत गेलं. मास्तरांचा उजवा पाय गच्चीच्या फरशीवर पुढे सरकला आणि जोर लावून दाबला गेला. फरशी जागची हलली नाही.

चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. नाक डावीकडे ओढलं गेलं. ते सरळ होऊ लागलं, पण तोवर पट्टीची कड सुटून गवत लागलं होतं. विमान गर्रकन फिरलं. उजवं चाक मुडपलं, त्या बाजूचा पंख जमिनीला घासला, नाकावरच्या पंख्याने माती उडवली आणि सगळं थांबलं.

ताई धावताना कुणाला तरी हाक मारत होत्या. देवाला असेल किंवा मुलीला.

ते पोचण्याआधीच दार उघडून भाची खाली उतरली होती. ओठ फुटला होता. ताईंनी तिला आधी कवटाळलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला.

"कुठे लागलं? खरं सांग."

"ओठ फक्त. आई, सोड ना, श्वास कोंडतोय."

वंगणने वाकलेल्या पंख्याला हात लावला आणि वाडग्यात माशी पडल्यासारखं तोंड केलं.

"काय गं हे? एवढी सुंदर लँडिंग केलीस आजवर, आणि आजच कसं काय?"

"आजवर कुठे?" तिने बाहीने ओठ पुसला. "हे पहिलंच."

वंगण हसला. ताईही हसल्या, डोळे पुसत. धडपडल्यावर माणसं अशी विनोद करतातच.

भाची हसली नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती. रागाने नाही, गणिताचा ताळा पटल्यावर वहीकडे बघावं तशी.

"उशीर झाला ना, मामा? पण दाबला मी."

"हो," मास्तर म्हणाले. "दिसलं मला."

मग ते विमानाला वळसा घालून पलीकडे गेले आणि डावा पंख, ज्याला काहीही झालेलं नव्हतं, फार बारकाईने तपासू लागले.