सिनानची मिठाई

फुटबॉलच्या आशिया चषकाचा उपांत्य सामना इराकने जिंकला, बगदाद रस्त्यावर नाचलं आणि तेच कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं. बॉम्ब फुटला. शेजारचा सिनान गेला. बिनलग्नाच्या पोराच्या जनाज्यावर आमच्यात नवरदेवासारखी मिठाई उधळतात. ती त्याच्या आईनेच उधळली.

रविवारी अंतिम सामनाही आम्हीच जिंकला. पण भीतीने गल्लीतलं एक दार उघडेल तर शपथ! उघडलं ते सिनानच्या आईचं. काळ्या कपड्यांत, उरलेली मिठाई ओच्यात घेऊन ती रस्त्यात उभी राहिली.

“अगं, आत ये! परत फुटेल!” मी खिडकीतून ओरडले.

तिने मूठभर मिठाई माझ्या बंद दारावर भिरकावली.

“मेलाय माझा पोरगा. तुम्ही का मेल्यासारखे बसलात? या बाहेर, नाचा!”